लिनक्सवाला लॅपटॉप अडला तर विचारायचं कुणाला? माळशिरसकरांसाठी मदतीची सोपी वाट

माळशिरस : फॉर्म भरायची शेवटची तारीख. कागदपत्रं स्कॅन झाली, फॉर्म भरून झाला, फक्त प्रिंट काढायची राहिली आणि प्रिंटर ढिम्म. विंडोज असतं तर शेजारच्या पोराला हाक मारली असती. पण लॅपटॉपवर आहे लिनक्स. दुकानात नेला तर उत्तर ठरलेलं, "हे आमच्याकडं होत नाही, विंडोज टाकून देतो."

इथंच खरा घोटाळा होतो. "विंडोज टाकून देतो" म्हणजे बहुतेक वेळा डिस्क कोरी करून टाकणं. त्यात मुलीच्या मार्कशीटच्या फाईली, सातबाऱ्याच्या प्रती, लग्नाचे फोटो, बचत गटाचा हिशेब असं सगळं जातं. प्रिंटरचा दहा मिनिटांचा प्रश्न सुटण्याऐवजी दहा वर्षांची कागदं जातात.

लिनक्स फुकट मिळतं हे आता बऱ्याच जणांना कळलंय. लिनक्सची मदतही फुकट मिळते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ही मदत एखाद्या कंपनीच्या फोन नंबरवर नसते. ती नीट विचारावी लागते, आणि नीट विचारलं तर बहुतेक वेळा मिळते. ती कशी विचारायची, कुठं विचारायची आणि विचारण्याआधी स्वतः काय बघायचं, ते या लेखात पाहू.

लिनक्स आत्ताच का आठवलं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. लॅपटॉप बंद पडला असं नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ टाकायचं तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले बरेच लॅपटॉप या अटीत बसत नाहीत.

असा लॅपटॉप भंगारात घालण्याऐवजी अनेक जण त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकतात. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. ४ जीबी रॅम असेल तर काम बरं चालतं. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे जुन्या लॅपटॉपला अजून काही वर्षं नीट वापरता येतं.

लिनक्स म्हणजे काहीतरी परकं, असंही नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. आज तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. ही बातमी तुम्ही कदाचित लिनक्सवरच वाचत असाल.

कोर्टात लिनक्स, मग घरात का अडतं?

माळशिरसच्या कोर्टात तारखेला गेलेल्यांनी तिथले संगणक पाहिले असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या देखरेखीखाली जो ई-कोर्ट्स प्रकल्प चालतो, त्यात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारण्यात आलं. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या एनआयसीने त्यासाठीच तयार केली. आपण मोबाईलवर केसची पुढची तारीख बघतो, ती माहिती याच व्यवस्थेतून येते.

न्यायाधीश, कारकून, स्टेनो यातले बहुतेक जण आधी विंडोजच वापरणारे होते. मग तिथं काम कसं सुरू झालं? नुसतं सॉफ्टवेअर टाकून ते झालं नाही. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबुंटूचं प्रशिक्षण दिलं गेलं. कर्मचाऱ्यांमधूनच काही जणांना सिस्टीम सांभाळण्यासाठी तयार केलं. अडलं की विचारायला जवळचं माणूस होतं.

केरळमध्येही तेच झालं. तिथल्या सरकारी शाळांत 'काइट' या संस्थेने तयार केलेलं उबुंटूवर आधारलेलं लिनक्स चालतं. २०१८ पासून तिथल्या हायस्कूलमध्ये 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे आयटी क्लब आहेत. आठवी-नववीची मुलंच शाळेतल्या संगणकाच्या बारीकसारीक अडचणींना हातभार लावतात.

घरच्या लिनक्सचं घोडं अडतं ते इथंच. घरात तयार केलेलं माणूस नसतं. म्हणून थोडी तयारी आपणच करायची.

आधी पाच मिनिटं स्वतः बघा

कुणाला विचारण्याआधी या गोष्टी करून बघा. निम्म्या अडचणी इथंच मिटतात.

एक, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. झाकण लावणं म्हणजे बंद करणं नव्हे. प्रिंटर आणि वाय-फायचा राउटर असेल तर तेही बंद-चालू करा.

दोन, केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघा. पेन ड्राईव्ह असेल तर दुसरा लावून बघा. दोष केबलचा की लॅपटॉपचा, ते लगेच कळतं.

तीन, अडचण एकाच प्रोग्राममध्ये आहे की सगळीकडं? क्रोममध्ये आवाज येत नाही, पण व्हिडिओ प्लेअरमध्ये येतो, तर साउंड कार्ड बिघडलेलं नाही.

चार, डिस्क भरलीय का बघा. फाईल मॅनेजरच्या खालच्या पट्टीत किती जागा शिल्लक आहे ते दिसतं. जागा संपली की लिनक्स विचित्र वागायला लागतं. अपडेट होत नाही, कधी कधी लॉगिनही होत नाही.

पाच, शेवटचं काय केलं होतं ते आठवा. काल अपडेट दिलं होतं का? नवीन काही टाकलं होतं का? बहुतेक उत्तरांची किल्ली इथंच असते.

प्रश्न विचारायचा कसा?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज पडतो, "सर, प्रिंटर चालत नाही, अर्जंट आहे, काय करू?" याला उत्तर काय देणार? कुठला प्रिंटर, कुठलं लिनक्स, काय होतंय, काहीच कळत नाही. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटल्यासारखं आहे. मदत करणारा दोन प्रश्न विचारतो, उत्तर उशिरा येतं, मग तोही कंटाळतो.

तोच मेसेज असा लिहा :

"लॅपटॉप डेलचा, रॅम ४ जीबी. लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई. प्रिंटर एचपी लेजरजेट १०२०, यूएसबीने जोडलाय. परवापर्यंत चालत होता. काल अपडेट दिल्यापासून प्रिंट दिली की रांगेत दिसते, पण कागद बाहेर येत नाही. 'फिल्टर फेल्ड' असा संदेश येतो. केबल बदलून पाहिली, प्रिंटर काढून पुन्हा जोडला, फरक नाही."

हा मेसेज वाचून जाणकार माणूस लगेच ओळखेल. एचपीच्या या जातीच्या प्रिंटरला लिनक्सवर एक जादा प्लग-इन लागतो. एचपीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो प्लग-इनही त्याच आवृत्तीचा पुन्हा टाकावा लागतो. तेवढं केलं की प्रिंटर सुरू. आधीच्या मेसेजला कदाचित दोन दिवस लागले असते, याला दहा मिनिटं.

म्हणजे प्रश्नात पाच गोष्टी हव्यात : मशीन कोणतं, लिनक्स कोणतं आणि कितवं, नेमकं काय होतंय, कधीपासून होतंय आणि आतापर्यंत काय करून पाहिलंय.

लिनक्स कितवं हे माहीत नसेल तर मिंटच्या मेनूत 'सिस्टीम' असं टाइप करा. 'सिस्टीम रिपोर्ट्स' किंवा 'सिस्टीम इन्फर्मेशन' नावाचं अ‍ॅप येईल. त्यात मशीनची सगळी माहिती असते आणि ती कॉपी करायचं बटणही असतं. उबुंटूत सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या ठिकाणी हे सापडतं.

एररचा संदेश आपल्या शब्दांत सांगू नका, जसाच्या तसा द्या. शक्य असेल तर शब्द कॉपी करून पाठवा, कारण तेच शब्द इंटरनेटवर शोधता येतात. स्क्रीनच गोठली असेल तर मोबाईलने फोटो काढा. फक्त फोटो सरळ आणि स्पष्ट काढा, आणि त्यात बँकेचा तपशील किंवा आधार नंबर दिसत नाही ना, ते बघून मगच पाठवा.

विचारायचं कुठं?

पहिली जागा घरातच आहे. एररचे शब्द जसेच्या तसे मोबाईलवर टाइप करा आणि पुढं आपल्या लिनक्सचं नाव, आवृत्ती जोडा. तुमच्याआधी तीच अडचण शेकडो लोकांना आलेली असते. मात्र उत्तराची तारीख बघा. दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आजच्या मिंटला लागू पडेलच असं नाही. एआय चॅटलाही विचारता येतं, मराठीत विचारलं तरी चालतं. पण ते कधी कधी नसलेला मेनू आणि चुकीची आज्ञा अगदी ठामपणे सांगतं. तिथून फक्त दिशा घ्यायची, डोळे झाकून करायचं नाही.

दुसरी जागा आयआयटी मुंबईची. तिथल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिस शिकवणारे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी हा उपक्रम उभा केला आणि केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा त्याला पाठिंबा मिळाला. एकेक व्हिडिओ साधारण दहा मिनिटांचा. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, लॅपटॉपवर सोबत करत जायचं, अडलं की थांबवायचं. अडलेल्या ठिकाणाचं मिनिट सांगून प्रश्न विचारायचीही तिथं सोय आहे. काही व्हिडिओ जुन्या आवृत्तीवरचे आहेत, त्यामुळं मेनू थोडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

तिसरी जागा म्हणजे ज्यांचं लिनक्स आहे त्यांचीच. मिंट आणि उबुंटू दोघांच्याही अधिकृत वेबसाईटवर मदतीचा विभाग आहे. तिथं जगभरातले लोक आपल्या वेळात फुकट उत्तरं देतात. इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी चालते, माहिती पुरेशी पाहिजे. पुण्यातही 'पुणे लिनक्स युजर्स ग्रुप' ही जुनी मंडळी आहेत. तालुक्यातली बरीच पोरं शिकायला, नोकरीला पुण्यात असतात. त्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना लिनक्स हाताळायची सवय असते. सुट्टीला गावी आलेल्या भाच्याला, पुतण्याला एकदा जवळ बसवून घ्या.

चौथी जागा आपल्या जवळचीच. आयटीआयच्या 'कोपा' या ट्रेडच्या अभ्यासक्रमात लिनक्सचा भाग असतो. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, पॉलिटेक्निकच्या मुलांनाही ते शिकवलं जातं. अकलूज, नातेपुते, वेळापूर परिसरात अशी मुलं आहेत. त्यांनाही अशा कामातून हात बसतो. फक्त रात्री अकराला फोन करून "आत्ता ये" म्हणू नका.

उत्तर मिळाल्यावर एक काम विसरायचं नाही. जमलं की नाही ते कळवा. "झालं, प्लग-इन टाकल्यावर चालू झाला" एवढं एक वाक्य पुढच्या माणसाच्या कामी येतं. फुकट मदतीची ही व्यवस्था अशाच एका वाक्यावर चालते.

नेहमीच्या सहा अडचणी

वाय-फाय दिसत नाही. काही कंपन्यांच्या वाय-फाय चिपला वेगळा ड्रायव्हर लागतो. पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे, असा पेच पडतो. इथं मोबाईल कामाला येतो. चार्जिंगच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळतं. मग मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर टाका. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची नको.

प्रिंटर चालत नाही. नवे वाय-फायवाले प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय आपोआप ओळखले जातात. एचपीच्या बऱ्याच मॉडेलना लिनक्समध्ये चांगला आधार आहे. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर त्रासदायक आहे, त्याला वेगळा ड्रायव्हर लावावा लागतो. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी त्या मॉडेलचं नाव आणि 'लिनक्स' असं शोधून बघा. आणि शेवटच्या तारखेला दुरुस्तीच्या नादी लागू नका. फॉर्म पीडीएफ करून मोबाईलवर घ्या, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढा. प्रिंटर दुसऱ्या दिवशी बघता येईल.

मराठी फाईल उघडली की अगम्य अक्षरं दिसतात. हा लिनक्सचा दोष नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल, तो फॉन्ट नसेल तर कुठल्याही संगणकावर अशीच दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच कायमचा उपाय. मराठी टाइप करायला लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच असतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धतही टाकता येते. वर्डची फाईल लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर रकाने हलले तर पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा, आणि आपणही कार्यालयात देताना पीडीएफच द्या.

अपडेट अडकलं, 'लॉक' असा संदेश येतो. म्हणजे मागं दुसरं अपडेट आधीच चालू आहे. घाई करू नका. चहा घेऊन या, वीस मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर एकदा रीस्टार्ट करा. लॉकची फाईल उडवून टाका, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिसतो. अपडेट मध्येच चालू असताना तसं केलं तर सिस्टीम बिघडू शकते. आणि अपडेट चालू असताना लाईट जाण्याचा विचार करा. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर लोडशेडिंगच्या वेळेत अपडेट देऊच नका.

घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे होतं. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ धरतं, लिनक्स तिथं जागतिक वेळ धरतं. दोन्हीत फरक बरोबर साडेपाच तासांचा. लॅपटॉपला काही झालेलं नाही. लिनक्सला 'स्थानिक वेळ धर' असं एकदा सांगितलं की प्रश्न मिटतो. 'ड्युअल बूट, वेळ चुकते' एवढं सांगितलं तरी जाणकाराला पुरतं.

विंडोजच्या डी ड्राईव्हमध्ये फाईल ठेवता येत नाही. हेही दोन सिस्टीम असलेल्या लॅपटॉपवरच. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि तो ड्राईव्ह नुसता वाचता येतो. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, पूर्ण शटडाउन करा, मग लिनक्स उघडा.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर आधी फाईली वाचवा

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली की लोक घाबरतात आणि "फॉरमॅट मारा" म्हणून मोकळे होतात. थांबा. सिस्टीम बिघडली म्हणजे फाईली गेल्या असं नाही.

लिनक्स ज्या पेन ड्राईव्हवरून टाकलं होतं, तोच पेन ड्राईव्ह इथं उपयोगी पडतो. तो लावून लॅपटॉप सुरू करा. कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप हे बटण दाबून पेन ड्राईव्ह निवडावा लागतो. लिनक्स पेन ड्राईव्हवरूनच उघडतं, डिस्कवर काहीही न टाकता. तिथं 'इन्स्टॉल' या चिन्हावर क्लिक करायचं नाही. फाईल मॅनेजरमधून आपली डिस्क उघडायची आणि फोटो, कागदपत्रं दुसऱ्या पेन ड्राईव्हवर उतरवून घ्यायची. टाकताना एन्क्रिप्शन केलेलं नसेल आणि डिस्क शाबूत असेल तर हे काम दुकानात न जाता होतं. एकदा फाईली हातात आल्या की मग सिस्टीम पुन्हा टाकायला भीती नाही.

मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाची सोय असते. ती सिस्टीमची कालची, परवाची अवस्था जपून ठेवते. अपडेटनंतर काही बिघडलं तर मागच्या तारखेला परत जाता येतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टाइमशिफ्ट मुळात सिस्टीमसाठी आहे, तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते एरवी जपत नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. आणि जुन्या प्रती साठत गेल्या तर डिस्क भरते, म्हणून दोन-तीनच प्रती ठेवायची सेटिंग करा.

या ठिकाणी सावध राहा

लिनक्स मिंटचा टोल-फ्री नंबर नसतो. कंपन्यांना पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या संस्था आहेत, पण घरच्या वापरासाठी असा फोन नंबर नसतो. गुगलवर 'लिनक्स कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरवर फोन केला आणि समोरचा माणूस एनीडेस्क टाकायला सांगू लागला, ओटीपी मागू लागला, पाच-दहा रुपये पाठवा म्हणाला, तर फोन ठेवा. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. जितका उशीर, तितकं पैसे थांबवणं अवघड.

दुसरी गोष्ट, टर्मिनलमधल्या आज्ञा. इंटरनेटवर कुणी एखादी ओळ देतं आणि सांगतं, "ही पेस्ट करा." आज्ञेच्या सुरुवातीला 'सुडो' असेल तर तुम्ही संगणकाला मालकाचा हक्क देताय असं समजा. त्यापुढं 'आरएम' असेल तर ती काहीतरी पुसून टाकणारी आज्ञा आहे. काय होणार ते कळत नसेल तर एन्टर दाबू नका. आधी विचारा, "ही ओळ नेमकं काय करते?" चांगला माणूस न चिडता सांगतो.

तिसरी, लिनक्स कुठून घेता ते. मिंट, उबुंटू त्यांच्या अधिकृत वेबसाईटवरूनच उतरवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटच्या वेबसाईटमध्ये घुसून चोरट्यांनी काही काळ उतरवण्याची लिंक भलत्याच फाईलकडं वळवली होती. म्हणून उतरवलेली फाईल खरी आहे का, हे तपासायची पद्धत साईटवरच दिलेली असते. जो कुणी टाकून देणार असेल त्याला हे तपासायला सांगा.

टाकण्याआधी हे विचारा

लिनक्स सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. महाडीबीटी, महाभूलेखसारखी कामं ब्राउझरमध्ये होतात. अभ्यास, व्हिडिओ, टायपिंग, हिशेबाचे तक्ते, बँकेची वेबसाईट याला अडचण येत नाही. पण टॅली, मायक्रोसॉफ्ट ऑफिस ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. सेवा केंद्र चालवत असाल तर अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का, हे त्या-त्या कंपनीकडून आधी विचारून घ्या. धंदा ज्या मशीनवर चालतो, त्यावर प्रयोग करू नका.

बघायचंच असेल तर पेन ड्राईव्हवरून आधी चालवून बघा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर या चार गोष्टी तिथंच तपासून घ्या. सगळं नीट चाललं तरच डिस्कवर टाका, तेही फाईलींची प्रत दुसरीकडं ठेवल्यावर.

आणि टाकून देणाऱ्याला एक अट घाला : "टाकून तर द्या, पण अर्धा तास बसून घरातल्या एकाला दाखवा." अपडेट कसं द्यायचं, प्रिंटर कसा जोडायचा, मशीनची माहिती कुठं बघायची, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. मग ती नववीतली मुलगी असो की सून, घरात एक माणूस तयार होतं. गल्लीत अशी दोन-तीन माणसं झाली की शेवटच्या तारखेला कुणाचा लॅपटॉप अडला, तरी "विंडोज टाकून देतो" हे उत्तर ऐकायची पाळी येत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

अडचण आली की आधी रीस्टार्ट, केबल आणि डिस्कची जागा बघा. प्रश्नात मशीन, लिनक्सची आवृत्ती, नेमका संदेश, कधीपासून आणि काय करून पाहिलं, या पाच गोष्टी लिहा. फॉरमॅटला हो म्हणण्याआधी पेन ड्राईव्हवरून फाईली उतरवून घ्या. ओटीपी आणि लॅपटॉपचा ताबा अनोळखी माणसाला देऊ नका. आणि काम झालं की मदत करणाऱ्याला तेवढं कळवा.